नवाबाचा जिना

३ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही मी नवाबासाठी बांधली होती. येत्या बारा तारखेला तो सत्तर वर्षांचा झाला असता. चांगल्या जाड कागदाचे बारा फर्मे, निळं कापड, गोल कणा. शिवण जरा सैल आली आहे, पण हल्ली दोराच भिकार येतो. नवाब शुक्रवारी गेला आणि वही माझ्याकडेच राहिली. मला कुणाशी तरी कचकचून भांडायचं आहे आणि ताई म्हणते, माझ्याशी नको. म्हणून इथे लिहिते आहे.

काल आमच्या वाचनालयातच शोकसभा झाली. एकतीस वर्षं मी इथे पुस्तकं बांधते, पण वाचनाच्या खोलीत इतकी माणसं कधी पाहिली नव्हती. लोक खिडक्यांत बसले होते. सगळं बरं चाललं होतं, तोच नगरसभागृहाचे व्यवस्थापक उठले. नवाबाचं व्हायोलिन असं आणि नवाबाचं व्हायोलिन तसं, हे सांगून झालं आणि मग म्हणाले, "अखेरच्या काळात त्यांचे हात थकले होते, तरी त्यांनी आपल्याला आनंदच दिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जागेवरून उठले. "कुणाचे हात थकले होते?"

शेजारी बसलेला डॉक्टर माझा कोट ओढत होता. हा आमचा दातांचा डॉक्टर, दिवसा दात उपटतो आणि संध्याकाळी क्लॅरिनेट फुंकतो. त्याच्यापलीकडे ड्रायव्हर, जन्मभर बस चालवली, आता चेलो वाजवतो. तो आपल्या बुटांकडे बघत होता. नवाब, हे दोघे आणि पियानोवर मी, अशी आमची अठ्ठावीस वर्षांची चौकडी.

मी सभेला सांगितलं की नवाबाने वेग सोडला तो समजून-उमजून. तरुणपणी तो स्वतः रचलेला 'जिना' पळत वाजवायचा, उतारवयात सावकाश वाजवू लागला. त्याला शहाणपण म्हणतात. थकणं वेगळं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना डॉक्टर म्हणाला, "बाई, जाऊ दे ना." मी म्हटलं, जाऊ देणार नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून कुणीही यावं आणि त्याच्या हातांना नावं ठेवावीत?

५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर शाळेचे भूगोल बांधले. पोरं पुस्तकाच्या कण्यावर उभी राहतात की काय देवाला ठाऊक. सुईत दोरा ओवायला अकरा वेळा प्रयत्न केला. सुयांची भोकं लहान झाली आहेत.

मुरंब्याची बरणी उघडेना. ताईने उघडून दिली आणि जिंकल्यासारखी बघत राहिली. झाकणं बनवणाऱ्यांना एकदा हाताला धरून विचारलं पाहिजे, की घरात बाई एकटी असली तर तिने काय करायचं. ताई म्हणाली, "तू एकटी कुठे आहेस? मी आहे ना." तिला लहानपणापासून मधेमधे करायची खोड आहे. हल्ली सकाळी माझ्या बाहीची बटणंही तीच लावते.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवाबाशिवाय तालमीचा पहिला बुधवार.

पावणेसहाला बाइंडिंगची खोली उघडली. खळीचं भांडं झाकलं, कागद दाबायच्या यंत्रावरचे गठ्ठे उतरवले, पियानोवरची धूळ पुसली. हा पियानो एका बंद पडलेल्या शाळेने वाचनालयाला दिला आणि वाचनालयाने माझ्या गळ्यात मारला. नेहमीप्रमाणे स्वर घोटत बसले, खालून वर, वरून खाली.

नवाबाचं हे नाव पडलं ते त्याच्या रेशमी मफलरवरून. पण गेल्या सहा वर्षांत नवाबी अंगातच भिनली होती. तालमीची वेळ सहाची, आणि स्वारी उगवणार सहा वीसला. एका मिनिटाचा फरक नाही. मी बोलबोल बोलायचे. तो मफलर काढत म्हणायचा, "माफी असावी, सरकार." त्याचं बघून डॉक्टर आणि ड्रायव्हरही सहा वीसलाच येऊ लागले.

आजही दोघे सहा वीसलाच आले. मी म्हटलं, "तो गेला, आता कुणासाठी उशीर?" डॉक्टर म्हणाला, "सवय." ड्रायव्हरने चेलोची पेटी उघडायला अंमळ जास्तच वेळ लावला.

वाजवलं काहीच नाही. तीन वाद्यांचा 'जिना' होत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरात राहायला गेल्यावर नवाबाने तो रचला. खालच्या दारापासून वरच्या दारापर्यंत धावत जाणारा माणूस, धाप, मधलं अंधारं वळण, वर उघडणारं दार, सगळं त्यात आहे. आम्ही नुसते बसलो. जाताना खालच्या चावीवाल्याने मान हलवली. त्याची टपरी बरोबर माझ्या खिडकीखाली आहे, एवढीच आमची ओळख.

१२ ऑक्टोबर, शनिवार

त्याचा वाढदिवस. चार मजले चढून वहिनींकडे गेले. घरात सगळं जिथल्या तिथे, फक्त मफलर खुंटीवर. वहिनींनी चहा केला आणि माझ्या हातात कप न देता समोर स्टुलावर ठेवला. त्या नेहमी असंच करतात.

मी सहज म्हटलं, आज तरी वेळेवर आले मी, तुमचे नवाब असते तर वीस मिनिटं उशिराने वाढदिवस केला असता. वहिनी म्हणाल्या, "उशीर? छे गं. बुधवारी हे पावणेसहालाच घराबाहेर पडायचे." चालत पंधरा मिनिटांचा रस्ता. मग मधे कुठे तडमडायचा हा? नक्की सिगारेट ओढत असणार. वहिनींना नाही सांगितलं.

पण आज एक पुरावा मिळाला. वहिनी म्हणाल्या, "घरी एकटे वाजवायचे ना, तेव्हासुद्धा 'जिना' हळूच. मी एकदा म्हटलं, इथे कोण आहे ऐकायला, घ्या की पळत. तर म्हणाले, नको, सवय मोडेल."

मी ओरडलेच. म्हणजे मनापासूनच हळू वाजवत होता! वहिनींनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ चोळत बसल्या. बिचारीला कुणाचा तरी हात धरावासा वाटत असणार. मी धरू दिला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नवाबाचा भाचा आला होता. भिंतीभिंतींवर त्याच्या जाहिराती लागतात, असा मोठा वादक झाला आहे. सोळा नोव्हेंबरला सभागृहात मामाच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला आहे. शेवटी 'जिना', नवाबाच्या जागी तो.

"मावशी," तो म्हणाला.

"मी कुणाची मावशी नाही."

"बरं, बाई. मामांचा 'जिना' आपण मूळ वेगात करू. माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीची कॅसेट आहे. वीज आहे ती. लोकांना तोच नवाब आठवू दे. नंतरचा..." तो अडखळला. "नंतर त्यांचे हात थकले."

मी त्याला खळीच्या भांड्यात बुडवणार होते. म्हटलं, तुझ्या मामाने शेवटची सहा वर्षं जसा वाजवला तसाच तो वाजेल. शेवटचा शब्द त्याचा, तुझा नाही. त्याची नजर माझ्या हातांवर होती. मी एका पुस्तकाला कापड चढवत होते आणि कोपरा दुमडत नव्हता. कापडं हल्ली फार ताठ येतात.

मग हळू आवाजात म्हणाला, "पियानोला मी माझी साथीदार आणू का? तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मानाची खुर्ची ठेवू."

मी म्हटलं, मानाची खुर्ची तुझ्या घरी ने आणि तिच्यावर उभा राहून जाळी काढ. तो गेला. माझा आवाज खाली वर्तमानपत्रांच्या खोलीपर्यंत गेला म्हणे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पुरावाच दाखवते आता सगळ्यांना.

माझ्या प्रतीवर, पियानोच्या स्वरलिपीच्या पहिल्या पानावर, वेगाचे आकडे आहेत. मिनिटाला किती ठोके, ते. छापलेला आकडा एकशे बत्तीस. तो नवाबाने पेन्सिलीने खोडून एकशे वीस केला, खाली तारीख, सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. मला आठवतं, कारण त्या हिवाळ्यात या खोलीत इतकी थंडी होती की मी हातमोजे घालून काम करायचे. मग एकशे आठ. ते मोठ्या नोंदवह्या हाताने शिवणं बंद करून यंत्र आणलं त्या वर्षी. मग शहाण्णव. मग चौऱ्याऐंशी. आणि गेल्या मार्चमध्ये, ताईने बटणांचा उद्योग सुरू केला त्याच महिन्यात, शहात्तर.

साधारण दर वर्षी एक पायरी. थकलेला माणूस असा मोजून-मापून थकतो का? हे ठरवून केलेलं काम आहे. विचारपूर्वक.

मी ठरवलं आहे. चौघांच्या प्रती एकत्र बांधून एक ग्रंथ करायचा आणि कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दारात टेबलावर उघडा ठेवायचा. सगळं गाव आकडे बघेल. नवाबाची प्रत वहिनींनी दिलीच आहे. त्याच्या प्रतीवर मात्र एकशे बत्तीस कोरंकरकरीत उभं आहे, एक रेघ नाही. आळशी मेला. दुसऱ्याच्या कागदावर लिहील, स्वतःच्या नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरला त्याची प्रत मागितली. म्हणाला, सापडत नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणे घरी असेल, घरी फोन केला तर बायको म्हणे दवाखान्यात. मी म्हटलं, दात एवढे सापडतात तुला, चार पानं सापडत नाहीत? ड्रायव्हर म्हणाला, त्याची प्रत ओली झाली. मी म्हटलं, वाळवणं हाच माझा धंदा आहे, घेऊन ये.

या दोघांना नवाबाचं काही पडलेलं नाही असं मला वाटायला लागलं आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

ड्रायव्हरची प्रत आली. स्वतः आला नाही, वर्तमानपत्रांच्या खोलीत ठेवून गेला.

कागद अजिबात ओला झालेला नव्हता. पानांच्या घडीत रबराचा चुरा होता. ताजा. मी तो ब्रशने झाडला. कुणीतरी काहीतरी खोडलं होतं, जागोजागी, तिसऱ्या पानावर सगळ्यात जास्त.

खोडलेली पेन्सिल बाइंडरपासून लपत नाही. शिसं जातं, पण दाबल्याची खूण कागदावर राहते. पान खिडकीत आडवं धरलं की उजेड त्या खाचांत बसतो. एकतीस वर्षांत मी वाचकांनी खोडलेल्या शिव्या, नावं आणि प्रेमपत्रंसुद्धा अशीच वाचली आहेत. नवाबाचं अक्षर होतं.

"इथे बाईसाठी थांबायचं. तिच्या हातांकडे बघायचं नाही."

त्याच्या खाली, "डावा हात. करंगळी आता चालत नाही. आपण सगळे हळू."

आणि शेवटच्या ओळीवर, "कुणी काही म्हटलं तर माझे हात थकलेत, असं सांगायचं."

३० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बरणी उघडायचा प्रयत्न केला. बरणीत काही दोष नाही.

संध्याकाळी सहा वीसला दोघे आले. मी पियानोच्या झाकणावर प्रत उघडी ठेवली होती. दोघांनी बघितलं आणि कोट न काढता उभे राहिले.

"सहा वर्षं," मी म्हटलं. "सहा वर्षं तुम्ही तिघे मला खेळवत होतात."

डॉक्टर म्हणाला, "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सोडून गेली असतीस."

"गेले असते! माझा मला निर्णय घेता आला असता!"

"त्याला तो निर्णय नको होता, बाई."

ड्रायव्हर एरवी बोलत नाही. आज बोलला. "मी बस चालवायचो. म्हातारं माणूस चढत असलं की आपण थांबतो. हॉर्न मारत नाही."

"मी म्हातारं माणूस?"

"नाही... म्हणजे..." तो बिचारा गोंधळला. "चढणारं माणूस."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि त्या दोघांसमोर रडल्याचा राग आला. दया केली म्हणून मी रडत नव्हते. या गावाने सहा वर्षं नवाबाला थकलेला म्हटलं. शोकसभेत म्हटलं. सख्खा भाचा म्हणतो. आणि तो मफलर गुंडाळून ते ऐकून घेत राहिला, कारण थकलेले हात माझे होते. पळत जिना चढणारा माणूस माझ्या मागे एक एक पायरी मोजत चढला. आणि मी सगळ्या गावाला ओरडून सांगत होते, की बघा, शहाणपण!

मी त्याचा 'जिना' खाल्ला. हे मी त्याला आता फेडू कसं?

४ नोव्हेंबर, सोमवार

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ताई बरोबर होती. त्यांनी सांध्यांचे फोटो बघितले आणि विचारलं, त्रास कधीपासून. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "हिला आजपासून. मला सात वर्षांपासून." करंगळ्या आणि त्याशेजारची बोटं परत येणार नाहीत. बाकीची सांभाळली तर टिकतील. सोसणार नाही असा वेग टाळा, म्हणाले.

घरी येऊन माझी प्रत काढली आणि कामाची निळी पेन्सिल घेतली. जे सूर त्या चार बोटांचे, ते सगळे खोडले. डाव्या हाताची अर्धी पानं गेली. उरलेले वाजवून बघितले, शहात्तरने नाही, एकशे बत्तीसने. मधे खिंडारं पडतात. पडू देत. जिथे माझी बोटं पोचणार नाहीत तिथे मी गप्प बसेन, पण आता माझ्यासाठी कुणी थांबणार नाही.

भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझा वेग कबूल. पियानोवर मी. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला खरंच..." मी फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, शनिवार

भाच्याबरोबर तालीम. पोरगा वाजवतो छान, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या पानावर, मी गप्प होते तिथे, तोही वेग सोडतो. मामाचंच रक्त. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी पियानोचं झाकण आपटलं.

"मावशी, मला ऐकवत नाही," तो म्हणाला. "तुम्ही तिथे नसता."

"तिथे मी नसतेच. ते लोकांना ऐकू येऊ दे."

तो मला परत मावशी म्हणाला हे घरी आल्यावर लक्षात आलं.

डॉक्टरची प्रतही शेवटी सापडली, ग्रंथ बांधून झाला. शिवण ताईने ओढली, गाठी मी सांगितल्या. ड्रायव्हरच्या तिसऱ्या पानावर नवाबाच्या खाचांमधून मी शाई फिरवली. आता ते कुणालाही वाचता येतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर नंतर माझीच मला खात्री वाटणार नाही.

साडेपाचला पोचले. दारातल्या टेबलावर ग्रंथ मांडला. रंगमंचामागच्या खोलीत एक जुना पियानो आहे, तिथे बसले. हात लाकडासारखे होते, थंडीने आणि भीतीने. स्वर घोटायला लागले. बरोबर सहाला व्यवस्थापकांनी दार वाजवलं. "बाई, सहा वाजले. आपल्याकडे वेळेची शिस्त आहे."

"वाजू द्या," मी म्हटलं. "नवाबाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तर लोकांना वाटेल चुकून दुसरीकडे आलो."

बाहेर डॉक्टर हसल्याचं ऐकू आलं. व्यवस्थापक सहा दहाला आले, सहा पंधराला आले. मी दार उघडलं नाही. सहा वीसला उरलेली सहा बोटं माझं ऐकायला लागली. मग उठले.

भाषणं झाली. पत्रिकेत ते वाक्य छापलेलं होतंच, अखेरच्या काळात त्यांचे हात थकले. 'जिना'साठी आम्ही चौघे बसलो, भाच्याने व्हायोलिन खांद्याला लावलं, आणि मी उभी राहिले. बोलायचं असं कुणाला सांगितलं नव्हतं.

"पत्रिकेत एक चूक आहे," मी म्हटलं. "नवाबाचे हात थकले नव्हते. थकले ते हे हात." आणि दोन्ही हात वर केले. सभागृहातले दिवे फार कडक असतात. वाकडी बोटं शेवटच्या रांगेपर्यंत दिसली असणार. "त्याने ते सहा वर्षं स्वतःच्या नावावर घेतलं. तुम्ही सगळ्यांनी मानलंत. सगळ्यात आधी मी. आज ते नाव मी परत घेते आहे. आता एकशे बत्तीस. माझ्या हातांकडे बघायचं असेल त्यांनी खुशाल बघा."

मी बसले आणि सुरू केलं.

पहिली दोन पानं कशी गेली ते मला ठाऊक नाही. तिसरं आलं. मी गप्प झाले. आणि काय सांगू, तिघेही थांबायला लागले. भाच्याचा गज जड झाला, ड्रायव्हरने सहा वर्षांच्या सवयीने मान खाली घातली.

"चला!" मी ओरडले. भर सभागृहात. ड्रायव्हर दचकला आणि गाडी सुटली. भाचा हसला, खरोखर हसला, आणि धावला. मी दोन अंगठ्यांनी आणि चार बोटांनी त्याच्या मागे नाही, त्याच्या बरोबर होते. मधे खिंडारं होती. त्या खिंडारांतून व्हायोलिन इतकं स्वच्छ ऐकू आलं की मला वाटलं, हा सूर तिथे आधीपासून होता, आमच्या गर्दीत कधी दिसला नव्हता.

वरचं दार उघडलं आणि संपलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग उठले. वहिनी पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर, मफलर मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होत्या. नंतर आत येऊन त्यांनी माझे हात धरले. या वेळी मी त्यांचेही धरले.

दारातल्या ग्रंथाभोवती तासभर गर्दी होती. व्यवस्थापकांनी तिसरं पान वाचलं आणि चष्मा पुसला. पत्रिका दुरुस्त करून वाचनालयाच्या फाइलला लावू म्हणाले. मी म्हटलं, लावाच.

हात सुजले आहेत. ताईने पट्ट्या बांधल्या आणि एकदाही "मी सांगत होते" म्हणाली नाही. एवढा संयम तिला शोभत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

पावणेसहाला किल्ली लावत होते, तर चावीवाल्याने हाक मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, ते येणार नाहीत ना आता? मग हे स्टूल मी आत घेतो."

"कोण ते?"

"मफलरवाले साहेब. बुधवारी इथे बसायचे की. थंडी असो, काही असो. तुमचं वर टिंगटिंग सुरू असायचं ना, ते ऐकत. मी म्हणायचो, वर जा की, इथे कशाला गारठता. तर म्हणायचे, 'अजून तिची बोटं आखडलेली आहेत. मी गेलो तर ती लगेच वाजवायला बसेल.' मग वीसेक मिनिटांनी कान देऊन म्हणायचे, 'झाली मोकळी,' आणि उठायचे. ते दोघे कोपऱ्यावर उभे असायचे, त्यांना खूण करायचे."

स्टूल बघितलं. तीन पायांचं, एक पाय तारेने बांधलेला.

"आत नका घेऊ," मी म्हटलं. "असू दे तिथेच."

सहाला डॉक्टर आणि ड्रायव्हर आले. लपवायचं काही उरलं नाही म्हणून वेळेवर. मागून भाचा, व्हायोलिन घेऊन. पुढच्या बुधवारीही येतो म्हणाला, मी नको म्हटलं नाही. तिघे आत शिरणार तोच मी दार अडवलं.

"खाली जा."

"बाई, बाहेर गारठा आहे," डॉक्टर म्हणाला.

"ठाऊक आहे. खाली जा आणि वीस मिनिटांनी या. तालमीची वेळ सहा वीस."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग खाली चावीवाल्याकडे पाहिलं, आणि उतरला. ड्रायव्हरने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली नेलं.

मी खिडकी सताड उघडली. खळीच्या भांड्यावर साय धरली, कागद उडाले, धरायला गेले नाही. पियानोशी बसले आणि स्वर घोटले, खालून वर, वरून खाली, आधी वाकडे, आखडलेले, मग जरा बरे. एकही चूक लपवली नाही. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या जोराने वाजवलं.

सहा वीसला खिडकीतून वाकले. तिघे कोपऱ्यावर उभे होते, हात चोळत. स्टूल रिकामं होतं.

"झाली मोकळी!" मी ओरडले. "या आता वर, सगळे!"

जिन्यावर पावलं वाजायला लागली. किती जणांची, ते मी मोजलं नाही.